आधी काढून टाक

"बाबा, हनुवटी खाली. अजून थोडी. आता जरा जिवंत दिसा."

"मी जिवंतच आहे," बाबा ओठ न हलवता म्हणाले, कारण मघाशी ओठ हलवल्याबद्दल त्यांना बोलणी बसली होती.

दिवाणखान्यातला सोफा भिंतीपासून ओढून खिडकीसमोर आणला होता. उजेड सगळीकडे सारखा पसरावा म्हणून खिडकीवर पांढरी चादर ताणली होती. स्टुलावर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे बारक्या. हे नाव लहानपणी पडलेलं. आता तो दारातून वाकून आत येत असे, पण नाव बदलायला कोणाला सवड झाली नव्हती. रविवारी ताईचं लग्न होतं. ठरवलेला फोटोग्राफर जिन्यावरून पडून पाय मोडून बसला, तेव्हा ताईने फोन ठेवता ठेवताच जाहीर केलं, "जाऊ दे. आपला बारक्या आहे की."

बारक्या फोटो काढायचा हे खरं होतं. पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो नोकरीला होता आणि पानांवरच्या बुरशीचे त्याने काढलेले फोटो तिथे नावाजले जात. पण बुरशी पापणी लववत नाही, मध्येच उठून पाणी प्यायला जात नाही, आणि मी जाड दिसतेय का, असंही विचारत नाही. हलत्याबोलत्या माणसाचा धड फोटो बारक्याने आजवर एकही काढला नव्हता. म्हणून गुरुवारी संध्याकाळी त्याने घरच्यांनाच बसवून रीतसर चाचणी घ्यायचं ठरवलं. कुठलाही प्रयोग आधी छोट्या प्रमाणावर करावा, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

चाचणीला बाबा, आई, मामा आणि आत्या हजर होते. ताई ऑफिसात होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. ताईला गणिताची भीती वाटायची तेव्हा तिला रोज शेजारी घेऊन बसणारी आत्या, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी तिला दारापर्यंत सोडून परत फिरताना डोळे पुसणारीही आत्याच. लग्नाच्या नोंदणीवर साक्षीदार म्हणून पहिली सही आत्याची, हे ताईने लग्नाची तारीख ठरायच्या आधीच ठरवलं होतं.

आत्या ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि पाठ ताठ ठेवून बसली होती. फक्त खटका पडायच्या नेमकं आधी तिचे डोळे मिटत होते.

"आत्या, डोळे."

"उघडेच आहेत की."

"आता आहेत. मी तीन म्हटलं की उघडे ठेवायचे."

"तीनच्या आधी की तीन म्हणून झाल्यावर?"

बारक्याने दोन्ही करून पाहिलं. तीन न म्हणताही पाहिलं. प्रत्येक फोटोत आत्या दुसऱ्याचं भाषण चालू असताना डुलकी लागलेल्या अध्यक्षांसारखी दिसत होती. हे तिला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. "छान आलेत," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्याने ताईला निरोप पाठवला: "आत्याच्या फोटोंचं काय करू?" ताई तेव्हा मीटिंगमध्ये होती. लग्नाच्या दिवशी कोणाचे फोटो कधी घ्यायचे ते हा विचारतोय, असं तिला वाटलं. तिने टेबलाखालून उत्तर दिलं: "सगळ्यात आधी काढून टाक. नाहीतर तिचा मूड जातो."

बारक्याला हे पटलं. झोपेतले फोटो पाहून कोणाचाही मूड जाईल. त्याने सगळे पुसले. दुपारी आत्याचा फोन आला.

"काय रे, माझे फोटो काढलेस ना?"

"हो आत्या, सगळे काढले."

"मग पाठव की."

"अगं, काढले ना."

"काढलेस म्हणूनच म्हणतेय, पाठव."

"काढल्यावर कसे पाठवणार?"

"मग न काढलेले पाठवतात का?"

"आत्या, काढले म्हणजे आता नाहीत."

मग पहिलीच्या मुलाला समजावावं तशा आवाजात आत्या म्हणाली, "काढले म्हणजे असतात, बाळा. काढले नाहीत म्हणजे नसतात."

"काढून टाकले, आत्या."

"कोणी सांगितलं?"

इथे एखादी साधी थाप पुरली असती. कार्ड बिघडलं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पुराव्यानिशी बोलायची सवय आडवी आली आणि बारक्याने ताईचा निरोप शब्दशः वाचून दाखवला.

"असं," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी बाबांना आत्याचा निरोप आला: साक्षीदार दुसरा बघा.

ताई ऑफिसातून आली ती थेट बारक्याच्या समोर उभी राहिली. "मी काढ म्हटलं होतं, गाढवा."

"काढून टाक म्हटलंस."

"म्हणजे काढ."

"काढून टाक म्हणजे काढ?"

"चहा पिऊन टाक म्हटलं तर चहा बेसिनमध्ये ओततोस का तू?"

बारक्या विचारात पडला. उजेड कॅमेऱ्यात साठवायचा आणि साठवलेला उजेड पुसायचा, या दोन उलट क्रियांना भाषेने एकच क्रियापद दिलं होतं, आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रारही केली नव्हती. तो हे मोठ्याने बोलणार होता, पण ताईने आत्याला फोन लावला होता, स्पीकरवर.

"आत्या, पुसून टाक असं मला म्हणायचंच नव्हतं गं."

"बरं. मग काय म्हणायचं होतं?"

"की लग्नाच्या दिवशी आधी तुझे फोटो काढून घे, म्हणजे एकदा ते... उरकले की..."

"उरकले की."

"तसं नाही गं."

"त्या वाक्याचे दोन अर्थ निघतात," आत्या शांतपणे म्हणाली. "एक, माझे फोटो पुसा. दोन, ही ब्याद आधी उरका. त्यातल्या त्यात पहिला बरा होता."

बाबांनी फोन हातात घेतला. "अक्का, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी त्या बारक्यालाच काढून टाकतो."

"वा. सकाळी मी, आता पोरगा. लग्नापर्यंत घरात कोणी ठेवणार आहेस का?"

मग आईने तोडगा शोधला. बाकीच्यांचेही फोटो पुसायचे, म्हणजे भेदभावाचा प्रश्नच राहणार नाही. बारक्याला यातली समानता आवडली. त्याने सगळं कार्ड साफ केलं आणि आईने तसं आत्याला कळवलं. आत्याचं उत्तर आलं नाही. मामाचं मात्र आलं. आयुष्यात प्रथमच त्याचे केस एका फोटोत दाट दिसले होते आणि तो फोटो उद्या दाखवतो असं तो ऑफिसात सांगून बसला होता. "लग्नाला येईन," त्याने कळवलं, "पण हसण्याची अपेक्षा ठेवू नका."

ताई जेवली नाही. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. "सही आत्याचीच पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर तारीख पुढे ढकला." हे ती रागाने म्हणाली असती तर बारक्याला चाललं असतं. पण तिचा आवाज अगदी साधा होता.

शनिवारी सकाळी तो आत्याकडे गेला. दार तिनेच उघडलं.

"समजूत काढायला आलास?"

"हो."

"काढून टाक मग."

रस्ताभर पाठ केलेलं सगळं तो तिथेच विसरला. "आत्या, तुझे डोळे मिटत होते. प्रत्येक फोटोत. मी छान आलेत म्हणालो ते खोटं होतं. ताईचा यात काही दोष नाही, तिला फक्त तुझीच सही हवी आहे. ती कालपासून जेवलेली नाही."

"प्रत्येक फोटोत?"

"प्रत्येक."

आत्याने त्याला खुर्ची दाखवली आणि स्वतःही बसली. "मला वाटलं, या वेळी तरी नीट येतायत," ती म्हणाली. "शाळेत दर वर्षी फोटो व्हायचा. मी मधोमध, गाढ झोपलेली. मुलं हसायची, माझं लक्षच नाही असं मी दाखवायचे." मग तिने चष्मा सारखा केला. "जेव म्हणावं तिला. मी येते, सही करते. पण माझा एकही फोटो काढायचा नाही. कुठल्याच अर्थाने."

"अख्खं लग्नभर?"

"अख्खं लग्नभर."

बारक्याने मनात आकृती मांडली. पाहुणे सगळीकडे फिरणार, कॅमेराही फिरणार. "मग तू फोटोत कधीच येणार नाहीस अशी जागा एकच आहे," तो म्हणाला. "माझ्या मागे."

"तुझ्या मागून मला काय दिसणार, तुझी पाठ? बाजूला उभी राहीन."

रविवारी, सुट्टीतही उघड्या असलेल्या नोंदणीच्या कार्यालयाबाहेरच्या अंगणात बारक्याने पहिला मोठा फोटो मांडायला घेतला. "कृपया सगळ्यांनी इकडे बघा," तो म्हणाला. एका कबुतराने बघितलं. तो पुन्हा म्हणाला. मग त्याच्या डाव्या खांद्याजवळून आत्याचा आवाज आला, फारसा मोठाही नव्हता. "उंच मागे, बुटके पुढे. कोपऱ्यातल्यांचं बोलणं झालं असेल तर सुरुवात करू." अंगण गप्प झालं. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी खिशातले हात बाहेर घेतले. मामा तर चक्क हसला.

दिवसभर हे असंच चाललं. आत्या बोलायची, माणसं ताठ व्हायची, बारक्या खटका दाबायचा. सहीच्या वेळी आत्या पुढे गेली तेव्हा त्याने कॅमेरा खाली घेतला. सही झाल्यावर ताईने तिला बराच वेळ मिठी मारली. त्याचाही फोटो नाही. शब्द म्हणजे शब्द.

सोमवारी त्याने सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडले. उजेड अचूक, कडा रेखीव, एकाचाही डोळा मिटलेला नाही. तो खुश होणार तेवढ्यात त्याला काहीतरी खटकलं. त्याने फोटो मोठे करून पाहिले, मग आणखी मोठे. कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नव्हतं. नवरा, नवरी, मामा, सासरची मंडळी, सगळ्यांची नजर एकाच बाजूला सरकलेली होती, कॅमेऱ्यापासून बरोबर एक आत्या अंतरावर.

"सगळे वाया गेले," त्याने घरी कबूल केलं. ताईने पाहिले आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग आत्या आली. तिने चष्मा पुसला आणि उत्तरपत्रिका तपासाव्यात तसे एकेक करून सगळे फोटो तपासले. शेवटी अंगणातला तो मोठा फोटो तिने मागून घेतला.

आता तो तिच्या बैठकीत चौकटीत लावलेला आहे. येणारा प्रत्येक पाहुणा रांगांवरून दोनदा नजर फिरवतो आणि विचारतो, "आणि यात तुम्ही कुठे?"

"हे सगळे बघतायत ना," आत्या सांगते, "तिथे."