शेवटची प्रार्थना सुलाबाई करतील

परदेशी सेवा करून परतलेल्या मिशनच्या माणसांची आत्मिक काळजी कोणी घ्यावी, हा प्रश्न सन १९४६ पर्यंत साताऱ्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीपुढे आला नव्हता. कारण तोवर परदेशी कोणी गेलेच नव्हते. लढाई संपली, बोटी सुरू झाल्या आणि आफ्रिकेतल्या मिशन दवाखान्यात परिचारिका असलेल्या सुलाबाई रणभिसे परत आल्या. लगोलग 'परतसेवक सांत्वन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष, पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार हंबीरराव थोरात. सभासद, घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या मनुबाई. चिटणीस अस्मादिक. सगळे बिनपगारी. बिनपगारी माणसाच्या कामात कोणाला खोट काढता येत नाही, हा या व्यवस्थेचा मोठाच फायदा आहे.

आम्ही पहिल्या भेटीला गेलो तेव्हा सुलाबाई हिवतापाने पिवळ्या पडल्या होत्या. तरी उठल्या, स्टोव्ह पेटवला आणि रेशनची साखर घालून चहा केला. सांत्वनाला आलेल्यांना कोरडे कसे पाठवायचे? बशीत फुंकर घालत अध्यक्षांनी विचारले, "बरं हाय न्हवं, सिस्टर?"

"आंग हुईल बरं," सुलाबाई म्हणाल्या. "पर आवं, तिकडं साथ आली, तवा माज्या हातावर लय लेकरं गेली. तवापासनं डोळं मिटलं की तोंडातनं शब्द फुटत न्हाई. तुमी कुणीतरी माज्यासाठी प्रार्थना करा. मी नुसती बसती."

"करू की! त्याच्यासाठीच तर आलोय आमी."

आता आमच्यात अशी रीत आहे की भेटीच्या शेवटी प्रार्थना होते, आणि ती करण्याचा मान बसलेल्यांतल्या मोठ्या माणसाचा. आपण होऊन कोणी सुरुवात करत नाही. तो आगाऊपणा ठरतो. अध्यक्षांनी मान मनुबाईंना दिला. मनुबाई पदर सावरत म्हणाल्या, "या बया! सुभेदार बसल्यात आन् मी?" अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी वयाने लहान. आणि समुद्र ओलांडून आलेले माणूस तर त्या खोलीत एकच होते.

"सिस्टर, तुमीच करा," अध्यक्ष म्हणाले, आणि आम्ही तिघांनी डोळे मिटून घेतले.

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग कोणीतरी 'आमेन' म्हणाले, बहुधा अध्यक्षच. अहवालात मी नोंद केली, 'प्रार्थना अत्यंत गंभीर झाली.'

सुलाबाईंना उतार पडेना, म्हणून समितीने भेटी वाढवून रोज केल्या. रोज चहा, रोज तोच मान. मनुबाई सुनेची गाऱ्हाणी सांगून मोकळ्या होत. अध्यक्षांचे गुडघे सुलाबाई तेल लावून चोळून देत, कारण तो हात परदेशात तयार झालेला होता. सेवेत किती समाधान असते ते आम्हाला त्या दिवसांत कळले. सुलाबाई मात्र वाळत चालल्या. तेव्हा त्यांना विश्रांतीसाठी सांगलीला पाठवावे असे ठरले, आणि तसे सांगलीच्या मंडळीला अगोदर कळवलेही.

सांगलीला स्टेशनावरच हार पडले. सकाळी सभा, संध्याकाळी सभा, मध्ये घरोघरी जेवणे, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटची प्रार्थना सुलाबाईंची. तिथल्या लोकांना ती फारच आवडली. अशी मूक प्रार्थना परदेशी गेल्याशिवाय साधत नाही, असे जाणकारांचे मत पडले. पुढे काही महिने सांगलीत तरुण मंडळी 'आफ्रिकन पद्धतीने' प्रार्थना करत. म्हणजे गप्प बसत.

विश्रांती घेऊन सुलाबाई परतल्या त्या अंथरुणालाच खिळल्या. त्या दिवशी शेजारच्या पिंजाऱ्याची जन्नतबी पेज घेऊन आली. सुलाबाईंनी तिलाही तेच सांगितले, माझ्यासाठी प्रार्थना कर. जन्नतबीने वाटी खाली ठेवली, डोक्यावर पदर ओढला, दोन्ही हात पसरले आणि आपल्या बोलीत सुलाबाईंसाठी दुवा मागितली. सुलाबाई हुंदके देऊन रडल्या, आणि आफ्रिकेतून परतल्यापासून पहिल्यांदाच गाढ झोपल्या.

समितीची तातडीची बैठक भरली. बिगरसभासदाने, बिगरपरवानगी, समितीच्या परतसेवकाचे सांत्वन केले होते. जन्नतबीला बोलावणे गेले.

"आमी काय मेलो व्हतो व्हय?" अध्यक्ष गरजले.

"त्या म्हनल्या, माज्यासाठी माग. म्या मागितलं," जन्नतबी म्हणाली. "तुमास्नी बी तेच म्हनल्या व्हत्या न्हवं?"

हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेवर नसल्याने घेता आला नाही. जन्नतबीने यापुढे पेज द्यावी, दुवा देऊ नये, असा ठराव झाला. दुसरा ठराव असा की समितीने स्वतः जाऊन सुलाबाईंसाठी प्रार्थना करावी. आणि आजच करावी.

आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. अध्यक्ष म्हणाले, "मनुबाई, तुमी." मनुबाई म्हणाल्या, "छ्या, तुमी असताना?" अध्यक्ष म्हणाले, "मग चिटणीस करतील." मी म्हणालो, "वडीलधाऱ्यांपुढे मी कसा?" पुन्हा मनुबाई. पुन्हा अध्यक्ष. कोणीच मानाला हपापलेले नव्हते, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते.

"आवं, कुणीबी करा," सुलाबाई खाटेवरून म्हणाल्या. त्यांनी हात जोडले होते. "दोन शब्द. पाया पडती तुमच्या."

त्यांचे जोडलेले हात पाहून अध्यक्षांचा चेहरा उजळला. "सुरू करतायत सिस्टर! मिटा डोळं!"

आम्ही मिटले. उघडले तेव्हा सुलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

वाचकहो, एवढे वाचून आपण हळहळला असाल. बिचारीसाठी दोन शब्द बोलायला कोणीच कसे नव्हते, असेही म्हणाला असाल. आता आपण आहात. करा सुरुवात. नाही, नाही, आम्ही कसे? आपण शिकलेले, आपण मोठे. आपणच करा. आम्ही डोळे मिटूनच आहोत.