लाल दोऱ्याचा दुधी

“माझ्या स्टोअरमधला एक वायसर इकडचा तिकडं झालेला दाखवा, मिशी उतरवून देतो!”

हे सुदर्शनचं ठरलेलं वाक्य. लग्नात, बारशात, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्यालासुद्धा तो हे बोलून बसला होता! वाळूजच्या एका कंपनीत तो स्टोअरकीपर. तिथल्या खोक्याखोक्याला त्यानं रंगीत टॅग लावलेले. हिरवा म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे तपासणी बाकी, आणि लाल म्हणजे खबरदार, हात लावायचा नाही! लाल टॅग दिसला की मॅनेजरसुद्धा मागं सरकायचा. त्यामुळं हर्सूलच्या आपल्या रो-हाउसमध्ये बायकोचा बियाण्यांचा कारभार पाहिला, की सुदर्शनचं डोकं उठायचं.

रूपाचा कारभार म्हणजे काय, तर मेथीचं बी औषधाच्या बाटलीत, गवारीचं काडेपेटीत, दोडक्याचं ब्लाउजपीसच्या गाठीत आणि भेंडीचं राखेत कालवून चहाच्या जुन्या डब्यात. कशावरही काही लिहिलेलं नाही! गाठ हातात घेतली की तिला कळायचं, आत काय आहे ते.

“आणि उद्या विसरलीस तर?” सुदर्शन विचारायचा.

“लग्नाचा वाढदिवस कोण विसरतं आपल्या घरात?” रूपा विचारायची.

यावर सुदर्शन पंख्याचा वेग कमीजास्त करायला उठायचा.

महाशिवरात्रीच्या सुमाराला फर्दापूरहून सुदर्शनच्या सासूबाईंचा, केसरबाईंचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

“रूपे, घात झाला गं! पडवीत बियाला टांगलेला दुधी वानरानं नेला! घरात आता एक बी नाय राहिलं!”

गावाजवळची लेणी पाहायला येणाऱ्यांच्या हातातला खाऊ पळवून तिथली वानरं भलतीच सोकावली होती. पण आजवर त्यांनी वेफर्स, केळी यांवर भागवलं होतं. हा दुधी साधा नव्हता. केसरबाईंच्या आईनं लग्नात लेकीच्या पदराला त्याचं बी बांधून दिलं होतं, आणि केसरबाईंनी ते पुढं रूपाच्या पदराला बांधलं होतं.

“तुझ्या मांडवावर हाय ना त्याचा वेल? एक फळ बियाला राख बाई. आखाजीला आळं करून लावीन म्हणते.”

अक्षय्य तृतीयेला वेलाचं बी टोचायचं, हा केसरबाईंचा आजन्माचा नेम. रूपानं फोन ठेवला आणि पदर डोळ्याला लावला. ते पाहून सुदर्शनला भडभडून आलं. माणूस बढाईखोर होता, पण बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याला काहीतरी केल्याशिवाय राहवत नसे. गोची नेमकी तिथंच होती.

“रडू नको. आईंचं बी आता माझ्या सिस्टीममध्ये आलं समज!”

दारापुढच्या मांडवावर दोन वेल होते. एक केसरबाईंच्या बियाचा. दुसरा सुदर्शननं उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून आणलेल्या हायब्रीड पाकिटातला. वर जाऊन दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली होती, की कोण कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता. सुदर्शननं मुळापासून बोट धरून माग काढला, मांडवावर मान वाकडी केली, आणि एक बोटभर लांबीचं, फूल न गळलेलं फळ शोधून काढलं. आता टॅग! प्लास्टिकचा टॅग देठाला काचेल म्हणून त्यानं रूपाच्या शिलाई मशीनवरचा लाल दोरा घ्यायचं ठरवलं. पण लग्नसराईच्या ब्लाउजांत लाल रीळ संपलं होतं. मग त्यानं देवघरातला पूजेचा लाल दोरा आणला आणि फळाच्या देठाला सैलसर गाठ मारली. समाधानानं हात जोडल्यासारखे झटकले.

शेजारच्या चंपाबाईंनी नेमकं तेवढंच पाहिलं.

मांडवाचा एक कोपरा चंपाबाईंच्या भिंतीवर कलला होता, आणि तिकडं उतरलेलं फळ आपलंच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सुदर्शनला खरी भीती त्यांचीच.

“काय वो, नवस बोललात काय दुधीला?” भिंतीवरून त्यांनी विचारलं.

सुदर्शनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! बियाला राखलंय म्हणून सांगितलं, तर ही बाई ‘व्हय व्हय’ म्हणेल आणि आमटीत टाकेल. पण नवसाच्या फळाला कोण हात लावतंय?

“व्हय मावशी. नवसच!”

“कशाचा?”

“सांगितला तर पावत नाय म्हणतात.”

चंपाबाईंनी भक्तिभावानं मान हलवली. घरात येऊन सुदर्शन रूपाला म्हणाला, “असं कुलूप लावलंय, की बघच!”

कुलूप खरंच भारी निघालं. पुढच्या आठवड्यात चंपाबाईंच्या घरी पाहुणे यायचे होते आणि टाकीचा तळ दिसत होता. नळ आठवड्याला एकदा यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. काकुळतीला येऊन चंपाबाईंनी भिंतीवरून हात लांबवला, त्या फळाच्या वरच्या वेलाला एक लाल दोरा बांधला आणि पुटपुटल्या, “एवढा नळ सोड रे बाबा.”

आणि नळ दुसऱ्याच दिवशी आला! ठरल्या दिवसाच्या आधी!! आपल्या शहरात यापेक्षा मोठा चमत्कार कुठला सांगायचा, तुम्हीच बोला! दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत झालं, की सुदर्शनरावांचा दुधी जागृत आहे.

मग दोऱ्यांची रीघ लागली. कुणाचा मुलगा बारावीला, कुणाचा कर्जाचा अर्ज, कुणाच्या सुनेची पाठदुखी. उस्मानपुऱ्याहून एक बाई स्कूटीवरून आल्या आणि हेल्मेट न काढताच दोरा बांधून गेल्या. बुडाशी नारळ फुटू लागले. उदबत्तीनं दोन पानं करपली. एकीनं मुळाशी दूध ओतलं, त्याला मुंग्या लागल्या, आणि त्या मुंग्यांना मारायचं की नाही यावर चंपाबाईंनी सभा घेतली! त्यांनी आता मांडवाखाली प्लास्टिकची खुर्चीच टाकली होती. पोरांचा चेंडू तिकडं गेला की त्या अशा ओरडायच्या, की हर्सूलच्या जेलचे पहारेकरीसुद्धा सावध होत असतील.

“बघ! फुकटात वॉचमन!” सुदर्शन खुशीत म्हणाला.

“अहो, तो देव नाय, दुधी हाय,” रूपा म्हणाली. मग मान वर करून तिनं फळ नीट पाहिलं. आणि ती मांडवाच्या मागच्या बाजूला गेली.

फळ आता हातभर झालं होतं. चांगलं लांबलचक, सरळसोट. सुदर्शननं व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दर्शन घडवलं.

“जावईबापू, लई लांब दिसतोय वो हा.”

“कॅमेऱ्यात सगळंच लांब दिसतं, आई. शिवाय शहरात जागा कमी. आडवं पसरायला मिळत नाही, मग उंच वाढतं. आमची घरं नाही का तशीच!”

सासरचा दुधी सुदर्शननं आजवर ताटातच पाहिला होता, तोही फोडी करून. त्यामुळं त्याचा स्वतःच्या उत्तरावर पूर्ण विश्वास बसला.

फळ वाळत आलं, अक्षय्य तृतीया तोंडावर आली, आणि एका रविवारी सुदर्शन विळा घेऊन मांडवाखाली गेला. विळा देठापर्यंत पोचतो न पोचतो तोच चंपाबाईंनी किंकाळी फोडली.

“अवो, काय करताय हे! नवस फिटल्याबिगर कापता व्हय? ज्याची गाठ त्यानं सोडायची!”

गल्ली जमली. सुदर्शननं घाम पुसून खरं सांगून टाकलं. “हे बघा, नवसबिवस काही नाही. मी नुसता टॅग लावला होता. बियासाठी!”

लोक एकमेकांकडं पाहून हसले.

“किती साधा माणूस!” एक जण म्हणाला. “मोठेपणा नको म्हणून नाय म्हणतोय!”

शेवटी असं ठरलं, की ज्यांचं काम झालं त्यांनी गाठी सोडाव्यात. पाठ बरी झालेली सून आली, अर्ज मंजूर झालेले आले. ज्यांचं झालं नव्हतं, तेही “पुढं बघू” म्हणून सोडून गेले. एकच गाठ राहिली. पलीकडच्या घरातल्या नानासाहेबांची. निवृत्त हेडमास्तर, शब्दाचे पक्के. मुलाचं, आकाशचं, लग्न ठरावं म्हणून त्यांनी तिपेडी दोरा बांधला होता, आणि आकाशला मुली दाखवून दाखवून आता मुलींच्या बापांनीही नानांना ओळख देणं सोडलं होतं.

“लग्न ठरल्याशिवाय गाठ सुटणार नाही,” नाना म्हणाले. “मी शाळेतसुद्धा नियम मोडू दिला नाही.”

झालं! म्हणजे केसरबाईंच्या बियाण्यासाठी आता आधी आकाश उजवायला हवा! सुदर्शननं संध्याकाळी त्याला हर्सूल तलावाच्या बांधावर गाठला.

“बाबा रे, तू लग्न का करत नाहीस?”

“काका, किसी को बोलना मत हां,” आकाश इकडंतिकडं बघत म्हणाला. “बँकेत माझ्यासोबत तनुजा आहे. आमचं कधीचं ठरलंय. पण नानांपुढं तोंड उघडत नाही.”

“अरे गाढवा, उघड की! माझ्या सासूचा जीव तिकडं टांगणीला लागलाय!”

“तुमच्या सासूबाईंचा काय संबंध?”

“ते दुधी सांगेल! चल!”

सुदर्शननं त्याला दंडाला धरून नानांपुढं उभा केला. आकाशनं सगळं एका दमात सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. नानांचा चेहरा लाल झाला. मग त्यांची नजर खिडकीतून मांडवावर गेली, आणि ते एकदम मऊ पडले.

“मी मुलगी मागितली होती. कुठून आणायची, ते काही सांगितलं नव्हतं,” ते हळूच म्हणाले. “आण तिला घरी.”

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी केसरबाई एसटीनं आल्या. येताना बियासाठी धुतलेलं फडकं घेऊन. तनुजाला पेढा भरवून नानांनी गाठ सोडली, टाळ्या पडल्या, आणि सुदर्शननं दुधी कापून दोन्ही हातांवर घेऊन सासूबाईंपुढं धरला.

“घ्या आई! एक बी इकडचं तिकडं झालेलं नाही!”

केसरबाईंनी दुधी उलटापालटा केला. वाजवून पाहिला.

“हा कुणाचा वो?”

“म्हणजे? आपला! तुमचा!”

“माझ्या दुधीला हे एवढं पोट असतंय, वर बारीक मान. गडव्यावानी. ह्यो तर मुसळ हाय!”

सुदर्शननं कापलेल्या देठापासून वेलाला बोट लावलं. बोट मांडवावरून गेलं, मिठीतून सुटलं, खाली उतरलं आणि ज्या मुळाशी थांबलं तिथं काठीला हायब्रीडचं रिकामं पाकीट खोचलेलं होतं.

चंपाबाईंच्या खुर्चीत तो मटकन बसला. मिशीचं सोडा, तिचं त्याला काहीच वाटलं नाही. तीन पिढ्या बायकांनी पदराला बांधून आणलेलं बी आपण एका दोऱ्यानं संपवलं, रूपाच्या माहेरची ती चव गेली, आणि आता या म्हातारीकडं कुठल्या तोंडानं बघायचं, हेच त्याला खात होतं.

“आई, चुकलो मी,” तो कसाबसा म्हणाला.

रूपा जिन्यानं गच्चीवर गेली. टाकीमागं उशीचा जुना अभ्रा टांगलेला होता. तो घेऊन ती खाली आली आणि आईच्या मांडीवर रिकामा केला. आतून निघाला पोट सुटलेला, बारीक मानेचा, खुळखुळ्यासारखा वाजणारा दुधी! केसरबाईंनी त्याला नातवंडासारखा पोटाशी धरला.

“हा कुठं होता?” सुदर्शन ओरडला.

“मागच्या बाजूला, पानांत. सगळी गल्ली तुमच्या दुधीकडं बघत होती, याच्याकडं बघायला कुणाला सवड होती? वाळला तसा उतरवून ठेवला.”

“म्हणजे तुला माहीत होतं!”

“पोट सुटेना, तेव्हाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर तुम्ही यालाही दोरा बांधला असता!”

केसरबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, तनुजासुद्धा हसली. नानासाहेब मात्र घाबरेघुबरे झाले. “अहो, पण मग आमचा नवस?”

“हायब्रीड का असंना, पावला ना?” चंपाबाईंनी निकाल दिला. “पेढे काढा!”

सुदर्शन खुर्चीतच होता. रूपानं त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि अगदी मायेनं विचारलं, “मला एक सांगा, तुमच्या कंपनीत लाल टॅग नेमका कशाला लावतात हो?”

सुदर्शननं पेढा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. पण रूपा काही समोरून हलेना.

“रिजेक्ट मालाला,” तो म्हणाला.

“मग बरोबरच लावला होता की!”