मास्तरांनी ब्राउझर बदलला

"आजपासून माझ्या पोटातलं कुणाला कळणार नाही!" टेलर मास्तरांनी कात्री टेबलावर आपटून जाहीर केलं.

संतापायला कारणही तसंच होतं. तीस वर्षं पँट-शर्ट शिवणाऱ्या या भल्या माणसाने भरीला पडून मुख्याध्यापकांचा कोट शिवायला घेतला होता. शनिवारी सरांचा निरोप समारंभ, आणि मास्तरांनी कोटाला जन्मात हात लावलेला नाही! म्हणून मोबाइलवर गुपचूप, एकदाच, शोधलं: 'कोटाची कॉलर कशी लावावी?' झालं! दुकानातल्या टॅबवर गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला जावं, तर वर जाहिरात नाचतेय: 'शिवणकाम शिका, अगदी पहिल्यापासून!'

"देव बघतो ते ठीक आहे हो, त्याच्यापुढे हात तरी जोडता येतात. ही कंपनी कोण लागून गेली माझ्या मनात डोकावणारी?"

मग पाळत न ठेवणाऱ्या ब्राउझरचा शोध सुरू झाला. पहिला बसवला, तर त्यात उघडावी ती साइट मास्तरांनाच विचारी, "तुम्ही माणूस आहात का?" बारा चित्रांतून पूल ओळखूनही तिची खात्री पटेना! दुसरा बरा निघाला. त्याच्या सेटिंगमध्ये जिथे जिथे रिकामा चौकोन दिसला, तिथे तिथे मास्तरांनी टिचकी मारली. एक टाका सुटला की सगळं उसवतं, हा शिंप्याचा हिशेब!

मोबाइलवर जपून ठेवलेले नमुने टॅबवर दिसावेत, म्हणून आता दोन्ही एकमेकांना जोडायचे. त्यासाठी ब्राउझरने चोवीस शब्दांची गुप्त चावी दिली. टॅब घरी आणून मास्तरांनी बायकोला समोर बसवलं. ती कोर्टात स्टेनो. साक्षीदाराच्या तोंडून पडेल ते अक्षरन् अक्षर टिपायचं, हीच तिची नोकरी.

"लिही. शिडी, पोपट, कांदा... अगं, चष्मा लाव आधी!"

चोवीस शब्द संपले.

"अहो, चावी चुकीची आहे म्हणतोय."

"चुकेल कशी? वाच बघू."

"शिडी, पोपट, कांदा, अगं, चष्मा, लाव, आधी..."

"अगं, ते तुला म्हटलं!"

"मग तसं सांगायचं. बोललेलं मी गाळत नसते!"

तिसऱ्या खेपेला मास्तरांचा आवाज इतका चढला, की गुप्त चावी समोरच्या इस्त्रीवाल्याला पाठ झाली. चौथ्या खेपेला एकही अवांतर शब्द न काढता, श्वास कोंडून, मास्तरांनी चावी सांगितली. जुळलं एकदाचं! त्या रात्री मास्तरांनी मोबाइलवर बिनधास्त शोधाशोध केली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक दुकानात आले आणि कच्चा कोट अंगावर चढवून आरशासमोर उभे राहिले. मास्तरांनी टॅब दिमाखात त्यांच्या हाती दिला.

"बटणांचे नमुने बघा सर, निवांत. आता इथे कुणाची पाळत नाही!"

जाहिरात खरंच गायब होती. तिच्या जागी, कुठल्याशा चौकोनाच्या कृपेने, एक यादी होती: 'तुमच्या मोबाइलवर उघडलेली पानं'. सरांनी हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'कोट: पहिला धडा'. 'कॉलर उलटी लागल्यास काय करावे?' 'कॉलर उलटी लागलेली गिऱ्हाइकाला कळते का?'..."

मास्तरांनी टॅब हिसकावला. कान लालभडक!

"सर, इतके शिकलेले तुम्ही, आणि दुसऱ्याचं वाचता? ही माझी अगदी खासगी बाब आहे!"

सरांनी आरशात मान डावीकडे वळवून पाहिली, मग उजवीकडे.

"बाब तुमची खासगीच, मास्तर. पण कॉलर माझ्या गळ्यात पडलीय!"