धाकटीच्या गाडीतली हवा

गाळणं परत द्यायला आपण स्वतःच जायचं, एवढंच थोरलीनं ठरवलं होतं. नवऱ्याच्या हाती पाठवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नवऱ्याच्या हाती दिलेली वस्तू वाटेत कुणाशी तरी गप्पा मारत बसते, हा बावीस वर्षांचा अनुभव. म्हणून तीच उठली. अंतर किती? वीस पावलं. धाकट्या जावेच्या गाडीचं दार उघडलं मात्र, आणि आतून असा गारवा आला की थोरलीला आपण काय द्यायला आलो तेच आठवेना.

दोघा भावांनी मिळून दोन जुन्या मोटरहोम घेतल्या होत्या. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या. आत ओटा, पलंग, न्हाणीघर, सगळा संसार चाकांवर. सुट्टीत दोन्ही गाड्या मुक्कामाच्या तळावर शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि ऊन असं की पत्र्याला हात लावायची सोय नाही.

"या ना ताई, बसा!" धाकटी म्हणाली. ती शाल पांघरून बसली होती. शाल!

"बरं नाही का गं?"

"छे हो! एसीच जरा जास्त लागतो आमचा. काय करावं कळत नाही."

(म्हणजे ही तक्रार होती. लोक कशाकशाची तक्रार करतात!)

थोरलीनं गाळणं ठेवलं, "बरंय बाई तुझं" म्हणाली आणि स्वतःच्या गाडीत आली. इथला एसी आवाज विमानाचा करायचा आणि हवा मात्र दुधावरची साय सरकेल एवढीच द्यायचा. त्याच्याखाली सासूबाई पदरानं मान पुसत बसल्या होत्या.

"काय गं, धाकटीकडे गार आहे का?"

"असेल. मी काही लक्ष दिलं नाही," थोरली म्हणाली.

सासूबाई बावीस वर्षं थोरलीकडे राहत होत्या. पथ्य, गोळ्या, चष्मा, सगळं थोरलीच्या हाताखालचं. परवा सकाळी पुढचा आठ दिवसांचा रस्ता सुरू व्हायचा होता आणि सासूबाई म्हणाल्या, "परवा कुणाच्या गाडीत बसायचं ते बघू." बघू! बावीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

थोरली नेमधर्माची बाई. मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची बढती, शेजारणीचं बाळंतपण, सगळं तिनं काही ना काही सोडून पार पाडलेलं. तिनं तिथल्या तिथे हात जोडले. "देवा, आमची गाडी गार होईपर्यंत मी गार पाणी पिणार नाही. धाकटीचा एसी बिघडू दे, असं काही मी म्हणत नाही." (मनात आलं होतं, पण म्हटलं नाही. देवाला दोन्हींतला फरक कळतो, असा तिचा विश्वास.)

मग तिनं नवऱ्याला उठवलं. नवरा तीस वर्षं एका कचेरीत कारकून. कुठलंही काम पहिल्या पानापासून सुरू करायचं, ही त्याची रीत. त्यानं एसीचं पुस्तक काढलं, चष्मा लावला.

"यात म्हटलंय, प्रथम यंत्र चालू आहे याची खात्री करा."

"अहो, कानाशी एवढं घरघरतंय!"

"खात्री करा म्हटलंय. ऐका असं नाही म्हटलं."

खात्री झाली. मग जाळी धुतली. मग पुस्तकात हवेचं तापमान मोजायला सांगितलं होतं म्हणून औषधाच्या डब्यातला थर्मामीटर काढून त्यानं झरोक्याशी धरला.

"छत्तीस पॉइंट आठ."

"म्हणजे?"

"म्हणजे ताप नाही."

थोरलीनं कपाळाला हात लावला. एवढ्यात तिला खिडकीतून दिसलं की धाकटीचा नवरा पाइप घेऊन गाडीच्या टपावर पाणी मारतोय. असं होय! ही युक्ती! आणि आपल्याला बोलली नाही! मनाचा मोठेपणा म्हणून काही नसतो का माणसात?

"अहो, पाइप घ्या. टपावर मारा. आणि त्यांच्यापेक्षा जास्त मारा."

नवरा शिडीवर चढला आणि मनापासून पाणी मारू लागला. टपावरची झाकणाची खिडकी थोरलीनंच सकाळी वारा यावा म्हणून उघडी ठेवली होती, हे दोघांनाही आठवलं ते आतून सासूबाईंची हाक आल्यावर.

"अरे, कोण आहे रे वर? माझ्या अंथरुणात तळं केलंस की!"

गादी भिजली, उशी भिजली, आणि उशीखालचं पैशांचं पाकीटही. सासूबाई निथळत्या पदरानं खाली उतरल्या. तोवर धाकटी टॉवेल घेऊन हजर.

"चला आई, आमच्याकडे पडा घटकाभर. ताई, तुमच्याकडे टपाला भोक पडलंय का?"

"तुमच्याकडे पाणी मारतात तेव्हा काय होतं गं?"

"आमच्याकडे? कावळ्यानं घाण केली होती, ती धुतली यांनी."

घटकाभर म्हणून गेलेल्या सासूबाई जेवायलाही तिकडेच थांबल्या आणि झोपायलाही. धाकटीनं थोरलीसाठी बर्फ घातलेलं सरबत पाठवलं. थोरलीनं ते नवऱ्याला दिलं आणि स्वतः कोमट पाण्याचा घोट घेतला. तो घोट गिळायला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं तळाच्या चौकीवर सांगून एसीवाला बोलावला. तो टपावर गेला, खाली आला, छताची झाकणं काढली, आत हात घातला आणि हसला.

"वहिनी, मशीन झकास आहे. गॅसही पुरता आहे."

"मग गार का होत नाही?"

"गार होतंय ना! पण आत येणारी नि जाणारी हवा वेगळी ठेवणारा पडदा असतो, त्याची चिकटपट्टी सुटलीय. गार हवा बाहेर यायच्या ऐवजी मागच्या मागे परत मशीनमध्येच जातेय. सगळा गारवा आतल्या आत फिरतोय. बाहेरच्यांना काय लागणार?"

आपल्याविषयी कुणी या माणसाला काही सांगितलं की काय, असं थोरलीला वाटून गेलं.

त्यानं चंदेरी पट्टी लावली, फटी बुजवल्या, बटण दाबलं. आणि काय सांगावं! झरोक्यातून असा झोत आला की नवऱ्याच्या हातातल्या पुस्तकाची चाळीस पानं आपोआप उलटली. (त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.) अर्ध्या तासात आत शाल लागेल इतकं झालं. थोरलीनं देवाला हात जोडून गार पाण्याचा तांब्या रिकामा केला. मग नवी चादर घातली, उशीला अभ्रा चढवला, एसीचा आकडा आणखी खाली नेला. धाकटीपेक्षा दोन अंश तरी खाली हवा. कपाटातून खरोखरच शाल काढून तिनं खांद्यावर घेतली आणि दार किलकिलं करून वाट बघत बसली.

दुपारी सासूबाई स्वतःहून आल्या. उशी काखेत, गुडघ्यावर हात. थोरलीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"या, या! वाटच बघत होते."

"अगं, रात्रभर धाकटीच्या त्या एसीनं गुडघे आखडले माझे," सासूबाई पायरी चढत म्हणाल्या. "म्हटलं, थोरलीकडे जावं. तिच्याकडे कसं छान उकडतं."

त्यांनी दुसरी पायरी चढून आत डोकं घातलं, आणि तश्शाच मागे आल्या.

"अगबाई! हिलाही तोच आजार लागला?"

"बंद करते ना, आत्ता बंद करते!"

"राहू दे. बाहेरच बरी मी."

गाडीच्या सावलीत खुर्ची मांडली. सासूबाई टेकल्या आणि पाचच मिनिटांत "हुश्श" करू लागल्या. थोरली ताट घेऊन वारा घालायला धावली. तिकडून धाकटीही एक पुठ्ठा घेऊन आली. दोन जावा दोन बाजूंनी, घामाच्या धारा पुसत. आत दोन्ही गाड्यांत दोन भाऊ पांघरुणं घेऊन गाढ झोपले होते. धाकटीचा हात सावकाश, एका लयीत चालला होता. थोरलीचा हात तिच्या दुप्पट.

शेवटी थोरलीला राहवेना.

"आई, मग उद्या कुणाच्या गाडीत बसायचं ठरवलंत?"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. "त्यात काय ठरवायचं? तुझ्याच. बावीस वर्षांची सवय आहे गं मला."

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. ताट आणखी जोरात हलू लागलं.

"मात्र त्या मशीनला हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि धाकटीला बरोबर घे, वारा घालायला. तुझा नुसता दिसतो गं, लागत नाही."