सुभानराव दगड सोडत नाहीत

एका जंगलात एक डोह होता. जंगल कुठलं ते विचारू नका, बाळांनो. मी सांगितलं तर तुमचे पप्पा म्हणतील, अरे हे तर आपल्याच गल्लीतलं. डोहाच्या तोंडाशी एक मोठी चपटी शिळा आडवी पडलेली होती. ती होती म्हणून पाणी अडलेलं होतं. एवढं डोक्यात ठेवा. जंगलात कोणीच ठेवलं नव्हतं.

शिळेवर सुभानराव बसायचे. सुभानराव जातीनं घोरपड आणि पदानं पाणवठ्याचे सभापती. आधी पाणी कोण पिणार, मागून कोण पिणार, पाण्यात पाय घालून कोणी बसायचं नाही, हे सगळं तेच ठरवायचे.

तुम्ही म्हणाल, हावरट दिसतो. थांबा जरा. घोरपडीचं रक्त गार असतं. सकाळी ऊन लागल्याशिवाय पाय हलत नाही. आणि त्या जंगलात झाडी एवढी दाट की सकाळचं ऊन फक्त शिळेवर पडायचं. सभापती होण्याआधी सुभानराव दुपारपर्यंत बिळाच्या तोंडाशी लाकडासारखे पडून असायचे. पोरंसोरं त्यांच्यावर उड्या मारून जायची. एकदा तर एका सुतारपक्ष्यानं खरंच लाकूड समजून ठोकायला सुरुवात केली, आणि सुभानरावांना "मी आहे" एवढं म्हणायलाही जबडा उघडेना. शिळा गेली की आपण परत ओंडका. सुभानरावांना स्वप्नंसुद्धा सुतारपक्ष्याची पडायची.

जंगलात पार्ट्या दोन. डोहाच्या उगवतीच्या काठावर शिंग पार्टी, अध्यक्ष तात्या गवे. मावळतीच्या काठावर नख पार्टी, अध्यक्षा अक्का तरस. निवडणूक एकदम सोपी. दोन्ही काठांनी एकदम ओरडायचं. ज्यांचा आवाज मोठा त्यांची सत्ता, आणि सभापती त्यांचाच.

पार्टी बदलायचीही रीत होती. शिळेवरून उतरायचं, पोहत पलीकडे जायचं, तिथे बेलफळ फोडायचं, मग गळ्यात माळ. सुभानरावांना पोहता झकास यायचं. पण आपण उतरलो की दुसरा कोणीतरी चढणार, हे काय त्यांना कळत नव्हतं? म्हणून ते उतरलेच नाहीत. नुसते जागच्या जागी फिरले. ज्या काठाकडे तोंड, ती आपली पार्टी. ज्या काठाकडे शेपूट, ते जंगलाचे दुश्मन. बेलफळ त्यांनी शिळेवरच मागवलं.

आधी तोंड उगवतीला होतं. तेव्हा सुभानरावांनी डोक्याला बाभळीचे दोन काटे बांधले होते आणि नखं म्हणजे जंगलाला लागलेला रोग आहे असं भाषण ठोकलं होतं. ठोकताना स्वतःची नखं पोटाखाली घेतली होती. पुढच्या पावसाळ्यानंतर नख पार्टी जोरात ओरडली. सुभानरावांनी काटे काढले, गर्रकन फिरले आणि चारी पायांची नखं काठाला दाखवली. म्हणाले, शिंग पार्टीत माझा जीव गुदमरत होता.

कावळा तेव्हा बातम्या सांगत फिरायचा. त्यानं विचारलं, कालपर्यंत तर आपण तिकडे होता?

"मी हललोय का?" सुभानराव म्हणाले. "दगड तोच, मी तोच. जंगल फिरलं, त्याला मी काय करू?"

आणि गंमत म्हणजे, बाळांनो, त्यांना हे मनापासून वाटायचं.

त्रास व्हायचा तो हौसाबाईंना. हौसाबाई म्हणजे सुभानरावांची बायको. रोज सकाळी त्या नाश्त्याला अंडी घेऊन यायच्या, आणि नवऱ्याचं तोंड शोधत अख्ख्या डोहाला वळसा घालायच्या. एकदा वैतागून त्यांनी लांबूनच हाक मारली, "अहो, आज कुठल्या पार्टीत आहात? अंडी थंड झाली."

मग एक वर्ष असं आलं की दोन्ही काठ सारखेच ओरडले. उगवती वरचढ वाटली की सुभानराव तिकडे फिरायचे. तेवढ्यात मावळतीचा आवाज चढायचा, की इकडे. काटे बांध, काटे सोड, नखं दाखव, नखं लपव. शेवटी ते भोवऱ्यासारखे गरगरायला लागले. अर्धं वाक्य या काठाला, अर्धं त्या काठाला. दोन्हीकडून टाळ्या पडल्या, कारण अर्धं वाक्य सगळ्यांनाच पटतं.

तात्या आणि अक्का मात्र चिडले. पहिल्यांदाच दोघं एका जांभळाखाली बसले. तात्या म्हणाले, याला आधी खाली ओढू, मग वर कोण बसणार त्यावर आपण रीतसर भांडू. अक्कांना ते पटलं.

बेतही भारी होता. भल्या पहाटे, ऊन यायच्या आत, सुभानराव ओंडका झालेले असताना त्यांच्या कमरेला गुळवेलीचा दोर बांधायचा. डोहाच्या खालच्या अंगाला उतार होता, तिथे उभं राहून सगळ्यांनी ओढायचं. सुभानराव अलगद निघणार, वाळलेल्या पानासारखे.

दोर बांधला. सुभानरावांना सगळं दिसत होतं, पण पापणी हलत नव्हती. आता नुसतं ओढायचं बाकी होतं. पण बाळांनो, दोन पार्ट्या एकत्र आल्या की नुसतं ओढता येतं होय? आधी तात्यांचं भाषण झालं. मग अक्कांचं, ते तात्यांपेक्षा लांब असायलाच हवं होतं. मग बेलफळ कोणी फोडायचं यावर खल झाला. मग घोषणेत आधी शिंग घ्यायचं की नख, यावर चितळं रुसली आणि कोल्हे उठून गेले. त्यांना समजावून परत आणेपर्यंत शिळेवर मस्त पिवळं ऊन पडलं होतं.

सुभानरावांची बोटं हलली.

त्यांनी डोळे फिरवले. उगवतीचा काठ रिकामा. मावळतीचा काठ रिकामा. दोन्ही पार्ट्या खाली उतारावर, एकाच दोराला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळेना की तोंड फिरवायचं कुणीकडे. तेव्हा त्यांनी घोरपडीला जे येतं तेच केलं. विसाच्या वीस नखं दगडात रोवली आणि डोळे मिटले.

खालून ओढ बसली. सुभानराव ताणले गेले, रबरासारखे लांब झाले, पण सुटले नाहीत.

"अहो, सोडा," काठावरून हौसाबाई म्हणाल्या. "कंबर तुटेल."

"सोडून जाऊ कुठे?" सुभानराव दात आवळून म्हणाले. "परत त्या बिळात?"

तात्यांनी मान खाली घातली, अक्कांनी दोर दातात धरला, आणि सगळ्या जंगलानं एकजुटीनं मागे खेचलं. सुभानराव नाही सुटले. शिळा सुटली.

ओढणारे एकमेकांवर आपटले. तात्यांच्या पाठीवर अक्का पडल्या, कोणाला फार लागलं नाही. त्यांच्या बाजूनं शिळा धडधडत उतारावरून गेली, वर सुभानराव, आणि मागे अख्खा डोह.

खाली दुसरं जंगल होतं. तिथला ओढा कधीचा कोरडा पडला होता. शिळा घसरत घसरत तिथल्या मोकळ्या माळावर ओढ्याच्या तोंडाशी आडवी बसली, आणि मागून आलेलं पाणी तिला अडून राहिलं. झाला नवा डोह. वर स्वच्छ ऊन.

सुभानरावांनी एक डोळा उघडला. समोर ही गर्दी. एका म्हाताऱ्या सशानं हात जोडून विचारलं, "पाणी आपण आणलंत का मालक?"

सुभानरावांनी मागे पाहिलं. पाणी होतं. खाली पाहिलं. दगड होता.

"मग दुसरं कोण आणणार?" ते म्हणाले. मग आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "इथे जास्त कोण आहेत?"

"सगळे ससेच, मालक."

"तरीच," सुभानराव म्हणाले. "मी लहानपणापासून ससाच."

एका पिल्लानं विचारलं, मग तुमचे कान कुठे आहेत. सुभानरावांनी त्याच्या डोक्यावरून शेपूट फिरवलं आणि सांगितलं की माझे कान आतून आहेत, मी जनतेचं आतून ऐकतो. सशांना गहिवरून आलं. त्यांनी लगेच आंब्याची दोन लांब पानं त्यांच्या डोक्याला बांधली आणि तिथल्या तिथे त्यांना सभापती केलं.

वरच्या जंगलात राहिला चिखल. संध्याकाळी तात्या आणि अक्का जिभा बाहेर काढून खाली आले. इथे आधी ससे पिणार, बाकीचे मागून, असा नवा नियम लागला होता. तात्यांनी मुकाट्यानं शिंगांना आंब्याची पानं बांधली. अक्कांना मुळातच कान होते, तरी त्यांनी वरून आणखी दोन बांधले. बेलफळं फुटली. ससा पार्टीत जंगी प्रवेश झाला.

सुभानराव दोघांकडे बघत राहिले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

"निष्ठा म्हणून राहिली नाही हो कोणात," ते म्हणाले.

सगळ्यात शेवटी हौसाबाई आल्या, चालून चालून दमलेल्या. त्यांनी नवऱ्याचे नवे कान पाहिले. मग कमरेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो दोर तरी काढा आता."

"राहू दे," सुभानराव म्हणाले. "लांबून हार दिसतो."

तात्पर्य : पार्टी सोडा, शब्द सोडा, लाज तर सोडाच, पण बुडाखालचा दगड सोडू नका. पाणी झक मारत मागून येतं. आणि तुम्ही ओढणाऱ्यांपैकी असाल, तर भाषणं नंतर करा. नाहीतर आंब्याची पानं आताच तोडून ठेवा, संध्याकाळी रांग फार मोठी असते.