टाइम प्लीजवरचा आंबेचोर

आमच्या दादानं केलेल्या गेममधला माणूस तीस वर्षं टाइम प्लीजवर होता, त्यामुळं त्याला जतन करता येईना.

जुने गेम जतन करायचं खातं तासगावात आहे, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. खाली बेदाणे, वरच्या मजल्यावर गेम. दोघांनाही गारवा लागतो आणि दोघांनाही ओल चालत नाही. दादानं शाळेत असताना टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरवर 'आंबेचोर' नावाचा गेम केला होता आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये भरून ठेवला होता. तो खात्यात ठेवून घ्या म्हणून अर्ज त्यानंच केलेला. बोलावणं आलं तेव्हा दादाला जाऊन तीन आठवडे झाले होते. उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. म्हणून कॅसेट घेऊन मी गेलो.

खात्याच्या प्रमुख मुल्ला मॅडम. त्यांनी कॅसेट खिडकीच्या उजेडात धरली.

"बुरशी आहे, कोरे. एकदाच वाजेल. परत नाही."

"वाजवा."

"दादा नाही आले?"

"बाहेर गेलाय," मी म्हणालो. ज्याचा फोन यायचा त्याला मी हेच सांगत होतो.

मॅडमनी टेपच्या हेडचा स्क्रू बारीक पिळला. किर्रर्र आवाज आला, पडद्यावर रंगीत पट्टे पळाले आणि आमची आमराई उभी राहिली. झाडं, कुंपण, कुंपणाच्या कोपऱ्यात कुत्रं. मधोमध बाबू, म्हणजे दादा खेळायचा तो चोर. त्याच्या मागं एक पिवळा बुटका चोर, तो माझा. बाबूची मूठ ओठांना लावलेली होती.

"बाबूराव, आपल्याला जतन करून घेतोय," मॅडम म्हणाल्या. "काही हरकत?"

"टाइम प्लीज," बाबू म्हणाला.

मॅडमनी बटणावरचा हात चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"टाइम प्लीजवर असलेल्याला हात लावायचा नसतो. नक्कल काढणं म्हणजे हात लावणंच. खातं खेळाच्या नियमाला बांधलेलं आहे."

"मग सोड म्हणावं त्याला."

"ज्यानं घेतलं त्यानंच सोडायचं. कुणी घेतलं होतं?"

"शिवादानं," बाबू म्हणाला. "दळण आणायला गेलाय. आलोच म्हणालाय."

"तीस वर्षं दळण आणतोय का?" मी ओरडलो.

"गिरणीची लाइट गेली असंल."

मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. "लाइटवरनं आठवलं. चारला आमची पण जाते."

"जनरेटर दिसला की खाली."

"तो फक्त बेदाण्याला आहे." मग त्यांनी हेडवरून बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला तपकिरी भुगा लागला होता. तो गेमच होता. "कॅसेटमध्ये आता काही राहिलं नाही, कोरे. जे आहे ते पडद्यावर. चारच्या आत हा सुटला तर राहील. दादांना ताबडतोब बोलवून घ्या."

मी खुर्ची ओढून टीव्हीपुढं बसलो.

"बाबू, ऐक. मी शिवादाचा भाऊ. त्याच्या बदली मी सोडतो. टाइम प्लीज सुटलं. चल, पळ."

बाबू हलला नाही. "कोण, आमचा बसू?"

"हां."

"तू कच्चा लिंबू. तुझं धरत नाहीत."

मॅडम माझ्याकडं वळल्या. डॉक्टर जुना आजार विचारतो तशा आवाजात त्यांनी विचारलं, "कोरे, तुम्ही कच्चे लिंबू आहात?"

"लहानपणी होतो."

"नंतर कुणी पक्कं केलं?"

"ते कुणी करायचं असतं होय?"

"ज्यानं लिंबू ठरवलं त्यानं. नाहीतर माणूस लिंबूच राहतो. मागं एक निवृत्त इंजिनियर आले होते, नातवंडांना घेऊन. लिंबू निघाले. परत पाठवावं लागलं."

मी उठलो तशी खुर्ची मागं पडली. "म्हणजे याला सोडायला दादा पाहिजे, आणि मला पक्का करायला पण दादाच पाहिजे?"

"बरोबर समजलात."

"हा असला कसला नियम?"

"मला काय विचारतोस?" बाबू म्हणाला. "शिवादानं आत लिहूनच ठेवलंय. बसूला कुत्रं धरत नाही. मला धरतं, तुझ्यातनं मात्र आरपार जातं. तुला वाटायचं तू लई जोरात पळतोस."

मला खरंच तसं वाटायचं. अख्ख्या गल्लीला मी ते सांगितलं होतं.

"हाक मार की त्याला," बाबू म्हणाला. "गिरणी काय लांब हाय?"

"गप बस."

"हाक मारायला पण भितोस होय रे लिंबा?"

"अरे मेलाय तो!" मी टीव्हीवर हात आपटला. झाडं सगळी हलली. "मेलाय! ट्रॉली दिसली नाही त्याला. ह्या हातानं माती टाकून आलोय मी. कुठनं हाक मारू?"

खाली बेदाण्यांचं मशीन घुमत होतं. बाबूनं मूठ खाली घेतली. मुठीमागं तोंड नव्हतं. दादानं ते काढलंच नव्हतं.

"मला कुणी कळवलं नाही," तो म्हणाला.

"आता कळवलं."

"मग थोरला तूच की." तो म्हणाला. "थोरला लिंबू नसतो, बसू. तसं चालत नाही."

"नियमात बसतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझी खुर्ची उचलून सरळ केली. "पण समजून घ्या, कोरे. पक्के झालात की कुत्रं धरणार. आणि एकदा पक्का झालेला माणूस परत लिंबू होत नाही. घरी कुणाला विचारायचं असेल तर विचारा."

"कुणाला विचारू?"

त्यांनी घड्याळाकडं बोट केलं. चार वाजत आले होते.

"टाइम प्लीज सुटलं," मी म्हणालो.

बाबू पळाला. मीही बटणं दाबत सुटलो, लहानपणी पळायचो तसाच, नाकासमोर, मागं न बघता. मॅडमनी नकलेचं मशीन चालू केलं. कुत्र्यानं मला दुसऱ्याच झाडाखाली गाठलं. डाव्या पोटरीला. मी बोंब मारली, बाबू कुंपणावरून पलीकडं गेला, मशीनचा हिरवा दिवा लागला आणि लाइट गेली.

"आलं सगळं," मॅडम म्हणाल्या. "झाडं, कुत्रं, बाबूराव. तुमची बोंबसुद्धा आली. चालेल ना?"

"चालेल."

"पायाला लागलं का?"

"रक्त येतंय."

"गेममध्ये झालेल्या जखमा आमच्याकडं येत नाहीत. खाली उतरलात की डाव्या हाताला दवाखाना आहे. पाय आधी साबणानं धुवा."

दवाखान्यात कंपाउंडरनं नळाखाली पाय धरायला लावला आणि कोपरानं रजिस्टर उघडलं.

"कुत्रं पाळीव का भटकं?"

"गेममधलं."

"ते नाही विचारलं. पाळीव का भटकं?"

"पाळीव."

"मालकाचं नाव?"

"शिवानंद कोरे."

"त्यांना पाठवून द्या इकडं. कुत्र्यावर लक्ष ठेवायला सांगावं लागतं."

"ते नाहीत," मी म्हणालो. "वारले."

कंपाउंडरनं लिहिलेलं खोडलं. "घरात दुसरं कोण बघतं त्याला?"

"कोण नाही."

"मग भटकं लिहितो."

"लिहा," मी म्हणालो आणि बाही वर केली.