बखर करंदीच्या लोणच्याची, साठाव्या दिवसाची

श्री मत्स्यावतार प्रसन्न. शके एकोणीसशे आठ, मार्गशीर्षमासी, गुरुवारी, अंधेरीच्या पश्चिमेस खाडीकाठी मासळी-संशोधनाचे जे ठाणे आहे, तेथे जे रण माजले त्याची हकीकत यथास्थित लिहिली असे. वाचणारांनी वाचोन हात धुवावे; वास लवकर जात नाही.

तर राजश्री अनुपमाबाई, वास्तव्य मालाडची चाळ, तीर्थरूप गिरणीच्या संपापासोन घरी बसलेले, यांणी पीएच.डी.चा मुलूख जिंकावयाचा विडा उचलिला. मुलूख म्हणजे करंदीचे, म्हणजे बारक्या कोळंबीचे, लोणचे. मसाला बाईंचा स्वतःचा. आणि ते बाटलीत साठ दिवस टिकते हे सिद्ध करावयाचे. तीर्थरूपांचा आग्रह की मोहीम दसऱ्यासच निघावी. मग बाईंनी दसऱ्याचे सकाळी बाजारातून करंदी आणिली, आणि यंत्रास झेंडू वाहिला, आणि बाटल्या भरोन मोहोरबंद केल्या, आणि दर पंधरवड्यास दहा चाखणारांचे मंडळ बसवोन गुण घेत चालल्या. मंडळ म्हणजे कचेरीतलीच मातब्बर मंडळी, बहुतेक कोकणची. दर खेपेस सर्वांनी "छान" असा शेरा लिहावा आणि वर आणखी एक चमचा मागावा, ऐसा शिरस्ता पडला.

परंतु दसऱ्यापासोन साठ दिवस मोजले असता कोठे पडतात, हे कोणी पाहिले नाही. पडले ते ऐन मार्गशीर्षातल्या गुरुवारी. मंडळ हजर जाहले ते दहाच्या दहा उपाशी. बाटली पाहताच टंकलेखिका विमलाबाई दोन पावले मागे सरल्या.

"अगं अनुपमा, आज? वेड लागलं काय तुला? घरी घट मांडलाय ना!"

लोणचे एक दिवस थांबेना काय, असे भोळे लोक पुसतील. लोणचे थांबते, प्रयोगाचा तक्ता थांबत नाही. त्यात ठाण्याचे अधिपती डॉ. चंद्रप्रकाशसाहेब, ज्यांणी तीस वर्षे मासळीचे शास्त्र शिकविले आणि जन्मात मासळी तोंडी लाविली नाही, यांची बदली कोचीनास जाहली होती, उदईक कूच. त्यांचे फर्मान सुटले की, पाच वाजेतो दहा गुणपत्रे आली तर मी मोहोर करीन. न आली तर प्रयोग रद्द, आणि नव्या साहेबाखाली पुन्हा पहिल्या दिवसापासोन. पोर डाक्टर होणार, ही वर्दी तीर्थरूपांनी अवघ्या चाळीत कधीच देवोन ठेविली होती. आता तोंड कसे दाखवावे म्हणोन बाई मोरीपाशी उभ्या राहोन घळघळा रडल्या.

तो मोरीत बाटल्या धुणारा शिपाई कुंडलिक, मूळचा जालन्याकडला बौद्ध, याने हात पुसोन अर्ज गुजारला.

"रडता काय म्याडम? आमच्यात गुरुवार नसतो. मी खातो की. अजून माणसं आणतो."

आणि गोरेगावच्या वस्तीत जावोन बायको शकु आणि शेजारचे पाच असामी बसगाडीत घालोन आणिले. सात जाहले. मग बाई स्वतः बाजारावर चालोन गेल्या. तेथे कोळीण द्रौपदीबाई भरल्या पाटीपुढे माशा वारीत बसल्या होत्या, गिऱ्हाईक एक नाही.

"माजी पाटी बी आज उपाशी हाय गो," ऐसे बोलोन त्या दोन जोडीदारणींसह उठल्या.

साडेचारास मंडळ बसले. शकुने तीन चमचे खावोन आठ गुण दिले. द्रौपदीबाईंनी चमचा दूर सारिला, बोट बुडवोन चाटले, डोळे मिटोन क्षणभर विचार केला.

"मसाला झकास. पन करंदी शिली व्हती."

प्रबंधाच्या पहिल्या पानी "ताजी करंदी" ऐसे ठसठशीत अक्षरी लिहिले होते. बाईंस संताप आवरेना.

"शिळी? तुझ्याकडूनच घेतली होती, दसऱ्याला!"

"मंग? दसऱ्याला होऱ्या पुजेला लावलेल्या, दर्यान कोन गेलता? आदल्या दिसाची व्हती. तू घाईन व्हतीस, ईचारलास कुठं?"

घड्याळी पावणेपाच. गुणपत्रावर केवळ आकडे मागितले होते. बोललेले हवेत विरले असते, कोणास कळते ना. बाईंचे मनात ते येवोन गेले, बखरकाराने ते का लपवावे. आणि मग त्यांणी लेखणी उचलोन "ताजी" खोडिले, वर "एक दिवस शिळी" लिहिले, आणि कागद साहेबांपुढे ठेविला.

साहेबांनी वाचिले, पुन्हा वाचिले, आणि खुर्ची हलेतो हसले. हुकूम जाहला की, आमचे शिकविलेले मंडळ दोन महिने शिळे खावोन "छान" म्हणत राहिले, त्यांचे शेरे तैसेच प्रबंधात ठेवावे, शास्त्रास उपयोगी पडतील. शिळ्या करंदीस जो मसाला साठ दिवस राखतो त्याची मातब्बरी दुप्पट समजावी. आणि या कोळीणबाईंचे नाव आभारांत प्रथम यावे. पाचास पाच मिनिटे कमी असता मोहोर जाहली. बाई पुन्हा रडल्या, परंतु या खेपेस मोरीपाशी गेल्या नाहीत.

येणेप्रमाणे सात सह्या आणि तीन अंगठे मिळोन मोहीम फत्ते जाहली. द्रौपदीबाई उरली बाटली इनाम म्हणोन पाटीत घालोन गेल्या. उदईक शुक्रवारी, साहेब कूच करीत असता, जुने मंडळ दहाच्या दहा हाती चमचे घेवोन प्रयोगशाळेच्या दारी हजर जाहले. आत कुंडलिक रिकाम्या बाटल्या धूत होता.